गोठलेली जमीन आणि रामकुंडाचा तळ

नाशिकची जमीन गोठत नाही. निफाडला एखाद्या हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पानांवरचे दव गोठल्याच्या बातम्या येतात. पण तो गारठा मातीच्या पोटात शिरत नाही. तरीही नाशिकपुढच्या एका धार्मिक प्रश्नाचा विचार करताना, जिथे जमीन दर हिवाळ्यात खोलवर गोठते अशा मुलुखांतल्या काँक्रीट रस्त्यांचे शास्त्र मला फार मोलाचे वाटते. प्रश्न गोदावरीचा आहे. 2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत रामकुंड परिसरात नदीच्या पात्रावर आणि तिथल्या जुन्या कुंडांवर काँक्रीट ओतले गेले. उद्देश साधा होता: लाखो भाविकांना पाय टेकायला सपाट, न निसटणारा तळ मिळावा. तेव्हापासून एक वाद नाशिकात चालू आहे. तळ असा बंद केला तर तीर्थ हे तीर्थ राहते का? काही जण भावनेने उत्तर देतात, काही पर्यावरणाच्या अंगाने. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण या वादाच्या मुळाशी एक जुने गृहीतक दडलेले आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते गृहीतक असे की पायाखालची जमीन जड आहे, म्हणून ती काही करत नाही, म्हणून ती झाकली तरी काही बिघडत नाही. यातले पहिले वाक्य खरे मानले तरी दुसरे त्यातून निघत नाही, आणि तिसरे तर साफ चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

जड आणि निष्क्रिय यांची गल्लत आपल्या दर्शनांनी कधी केली नाही. सांख्यांच्या मांडणीत पुरुष चेतन आहे पण तो काही करत नाही. प्रकृती अचेतन आहे आणि जगातले सगळे काम तीच करते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत यासाठी दुधाचा दाखला दिलेला आहे: दुधाला काही कळत नाही, तरी वासराच्या पोषणासाठी ते आचळात उतरते. शंकराचार्यांना हा दाखला मान्य नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दूध आणि वाहते पाणी या दोन्ही उदाहरणांचा विचार आला आहे, आणि तिथे आचार्य म्हणतात की या दोन्हींमागेही चेतनाचे अधिष्ठान मानावेच लागते. बृहदारण्यकातल्या अंतर्यामी ब्राह्मणाचा त्यांना आधार आहे, जिथे पृथ्वीच्या आत राहून तिचे नियमन करणाऱ्या आणि पृथ्वीलाही ठाऊक नसणाऱ्या तत्त्वाची गोष्ट येते. म्हणजे मतभेद आहे तो जमिनीला, पाण्याला कोण चालवते याबद्दल. ती चालते याबद्दल दोन्ही पक्षांत वाद नाही. जमीन म्हणजे नुसता आधार, वर काय ठेवाल ते मुकाट्याने पेलणारा ओटा, ही कल्पना आपल्या कुठल्याच दर्शनात सापडत नाही. ती अलीकडची आहे आणि सोयीची आहे. भूमिपूजनाला आपण नारळ फोडतो, मातीला हळदकुंकू वाहतो, तिची क्षमा मागतो. आणि दुसऱ्या दिवशी ज्या आराखड्यानुसार काम सुरू करतो त्यात ती माती पाणी कुठून घेते आणि कुठे सोडते याचा कित्येकदा एक आकडाही नसतो.

आता थंड मुलुखांकडे पाहू. अमेरिकेच्या उत्तरेकडची राज्ये, कॅनडा, उत्तर युरोप इथे जमीन हिवाळ्यात मीटरभर आणि काही ठिकाणी त्याहूनही खोल गोठते. तिथे काँक्रीटचे रस्ते आले तेव्हा एक गोष्ट लोकांना कळेना. वाहने कमी असलेल्या रस्त्यांचे स्लॅबही हिवाळ्यात वर उचलले जात, वेडेवाकडे होत, तडकत. समजूत अशी होती की पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि त्या फुगण्याने स्लॅब उचलला जातो. पण उचल कितीतरी जास्त असे. मातीत जेवढे पाणी होते तेवढ्याच्या फुगण्याने तिचा हिशेब लागत नव्हता. स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1929 आणि 1930 मध्ये याचा उलगडा केला. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घेतले. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही गोठताना माती वर उचलली गेली. म्हणजे कारण फुगणे हे नव्हतेच. वरून थंडी खाली सरकत असते आणि जिथे ती पोचते त्या रेषेकडे माती खालचे पाणी ओढून घेते, निरांजनातली वात तेल ओढते तसे. ओढलेले पाणी तिथे बर्फाच्या पातळ थरांच्या रूपाने साठत जाते, थरावर थर चढतात आणि वरचा टनावारी वजनाचा रस्ता त्यांच्यावर उचलला जातो. सगळ्यात जास्त उचल देणारी माती म्हणजे बारीक गाळमाती: तिच्यात पाणी ओढायला पुरेसे बारीक कण असतात आणि ते भराभर वाहून न्यायला पुरेशा मोकळ्या वाटाही असतात. निव्वळ वाळू ओढत नाही, घट्ट चिकणमाती ओढते पण फार सावकाश. ज्या मातीला आपण जड म्हणतो तिच्या प्रत्येक जातीचा असा वेगळा स्वभाव असतो.

याहून बोधक गोष्ट वसंतात घडते. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन दगडासारखी कठीण असते आणि स्लॅबला तिचा उत्तम आधार मिळतो. रस्ता त्या दिवसांत सर्वांत बळकट भासतो. उन्हे वाढू लागली की बर्फ वरून वितळतो. वरचे पाणी सुटते, पण खालची जमीन अजून गोठलेली असल्याने त्याला खाली जाता येत नाही. वर स्लॅब असल्याने वरही येता येत नाही. मधल्या मातीचा चिखल होतो. अशा वेळी जड वाहन सांध्यावरून गेले की स्लॅबचे टोक दबते, गढूळ पाणी सांध्यातून पिचकारीसारखे बाहेर येते आणि जाताना मातीचे बारीक कण घेऊन जाते. काही आठवड्यांत कोपऱ्याखाली पोकळी तयार होते आणि वरून धडधाकट दिसणारा कोपरा तुटतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या पट्ट्यांवर दोन वर्षे ट्रक फिरवले गेले. वसंतातल्या वितळण्याच्या काळात रस्त्यांची झीज किती झपाट्याने वाढते हे त्या चाचणीत ठळकपणे दिसले. आजही अनेक थंड प्रदेशांत वसंतातल्या काही आठवड्यांसाठी जड वाहनांच्या वजनावर बंधन घालतात.

यावर उपाय कोणता निघाला, हे माझ्या मुद्द्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिला विचार साहजिकच स्लॅब जाड करण्याचा. पण मातीची उचल जाडीने थांबत नाही. जाड स्लॅबही उचलला जातो. टिकाऊ उपाय सगळे दुसऱ्या दिशेचे निघाले. गाळमाती काढून तिच्या जागी भरड खडी-वाळूचा थर द्यायचा, म्हणजे पाणी वर ओढण्याची साखळी तिथे तुटते. स्लॅबखालच्या पाण्याला बाजूला निघून जायला वाट द्यायची. स्लॅबमध्ये ठरावीक अंतरावर सांधे ठेवायचे, म्हणजे त्याला हलायला जागा राहते. आणि खुद्द काँक्रीटच्या अंगातही मोकळी जागा ठेवायची: डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे, साधारण पाच-सहा टक्के. हा शोध 1930 च्या दशकात जवळपास अपघाताने लागला. सिमेंट दळताना गिरणीत चरबी वापरलेली होती अशा काही रस्त्यांचे पृष्ठभाग मिठाला आणि गारठ्याला जास्त टिकले. पाहता पाहता लक्षात आले की त्या चरबीने काँक्रीटमध्ये सूक्ष्म बुडबुडे धरले होते आणि गोठणाऱ्या पाण्याला दाब हलका करायला ती जागा पुरत होती. निव्वळ भरीवपणा वाढवून जे साधले नाही ते आत पोकळी ठेवून साधले. हे सगळे उपाय एकाच कबुलीवर उभे आहेत: खालची जमीन पाणी घेणार आणि देणार, तिचे हे काम बंद पाडता येणार नाही, तेव्हा रचना त्या कामाला धरूनच करायची.

आपल्याकडे बर्फ नाही, पण हाच धडा काळ्या मातीत आहे. निफाड, सिन्नरपासून खाली पसरलेल्या कपाशीच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट घातले तर रस्त्याच्या मधल्या भागाखाली ओल अडकून राहते आणि कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे भिजत-सुकत राहते. मधला भाग आणि कडा वेगवेगळ्या हलतात, आणि लांबच लांब उभे तडे जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या काँक्रीट रस्त्यांसाठीच्या आयआरसी 58 या मार्गदर्शिकेत म्हणूनच अशा मातीवर न फुगणाऱ्या मातीचा जाड थर, निचऱ्याची सोय आणि ड्राय लीन काँक्रीटचा थर, मग वरचा स्लॅब, असा क्रम सांगितला आहे. ठेकेदाराला घाई असली की यातला न दिसणारा भाग पहिल्यांदा कापला जातो. दिसतो तो वरचा गुळगुळीत भाग, त्याचेच उद्घाटन होते, आणि दोन पावसाळ्यांनंतर तडे दिसले की सिमेंटला दोष दिला जातो. खरा अपराध जमिनीचा विचार न करण्याचा असतो.

आता गोदावरीकडे येऊ. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे तीस किलोमीटरवर ती नाशिकात येते. गौतम ऋषींनी कुशाने तिचा प्रवाह अडवला ते कुशावर्त, आणि खाली नाशिकात रामकुंड, लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुषकुंड, दशाश्वमेध, अहिल्याबाईंच्या नावाचे कुंड अशी तीर्थांची ओळच आहे. रामकुंड 1696 मध्ये बांधले गेले आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. जवळच अस्थिविलय तीर्थ आहे आणि अरुणा नदीचा संगम आहे. या सगळ्या रचनेच्या खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. हा बेसाल्ट वाळूसारखा सर्वांगाने पाणी धरत नाही. त्याच्या भेगांत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात, झिजलेल्या भुसभुशीत भागात पाणी साठते आणि जिथे तो सांधा उघडा पडतो तिथे झरा फुटतो. पावसाळ्यात नदी भोवतालच्या जमिनीला पाणी देते, पाऊस सरला की जमीन ते थोडेथोडे नदीला परत करते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या नद्या उन्हाळ्यात जिवंत राहतात त्या या परतफेडीवर. पात्रातल्या कुंडांत वर्षभर पाणी राहायचे तेही त्यामुळेच. काँक्रीटच्या सलग फरशीने ही देवघेव दोन्ही दिशांनी तोडली. वरचे पाणी मुरेना, खालचे वर येईना. खालच्या पाण्याचा दाब मात्र काँक्रीटने संपत नाही. तो दुसरीकडे वाट शोधतो किंवा फरशीलाच वर ढकलत राहतो. धरणे बांधणाऱ्यांना हे ठाऊक आहे. 1895 मध्ये फ्रान्समधले बूझे धरण फुटले तेव्हा पायातून वर ढकलणाऱ्या या दाबाचा हिशेब करायला जग शिकले.

2016 च्या एप्रिलमध्ये, ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास, रामकुंड कोरडे पडले. टँकरने पाणी आणून कुंडात ओतावे लागले. आदल्या वर्षीच्या सिंहस्थात दुष्काळ असताना शाही स्नानासाठी धरणातून पाणी सोडावे का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. या दोन घटना शेजारी ठेवल्या की तीर्थाची आजची अवस्था समजते: कुंडात पाणी असणे हे आता ऋतूवर आणि जमिनीवर अवलंबून राहिलेले नाही, ते धरणाच्या दरवाजावर आणि टँकरच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे. धार्मिक प्रश्न इथे खरा उभा राहतो. टँकरच्या पाण्याने भरलेल्या, तळ बंद केलेल्या टाकीत केलेले स्नान, तर्पण, अस्थिविसर्जन हे गोदावरीत केले असे म्हणता येईल का?

पहिला आक्षेप परंपरेतूनच येईल, आणि तो वजनदार आहे. स्नान करताना आपण घरच्या बादलीतही गंगा, यमुना, गोदावरी यांचे आवाहन करतो. कलशातल्या पाण्यात साऱ्या नद्या येतात असे मानतो. मग टँकरच्या पाण्यात गोदावरी का येऊ नये? याचे उत्तर मीमांसेत आहे. यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर प्रतिनिधी द्रव्य चालते, असे मीमांसक मानतात: व्रीही नसेल तर नीवार, सोम नसेल तर पूतिका. पण प्रतिनिधीचा अधिकार मूळ द्रव्य मिळत नाही या अडचणीतून येतो. ज्याने घरातल्या साळी स्वतः जाळल्या त्याने नीवार पुढे करून नियम पाळला म्हणावे, हे या विचाराला धरून होणार नाही. नदीपासून शेकडो मैल दूर असलेल्या माणसासाठी बादलीतले आवाहन आहे. नदीच्या काठी राहून तिचा तळ बंद करायचा आणि मग त्याच आवाहनाचा आधार घ्यायचा, ही आपत्ती ओढवून आणून आपद्धर्म मागण्याची गोष्ट झाली. व्यक्तिगत भाविकाच्या पुण्याबद्दल मी बोलत नाही. तो श्रद्धेने येतो, त्याची श्रद्धा पूर्ण आहे. बोलतो आहे ते तीर्थ सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याबद्दल.

दुसरा आक्षेप संतांच्या बाजूने येतो. तुकोबांसारख्यांनी तीर्थाटनाचे अवडंबर सडकून झोडपले. पाण्यात बुडी मारून अंतःकरण धुतले जात नाही हे वारकरी परंपरेने पुन्हा पुन्हा सांगितले. मग तळ दगडाचा की सिमेंटचा याची चिंता कशाला? मला वाटते हा आक्षेप संतांचे अर्धेच ऐकतो. त्यांनी नाकारली ती स्नानाला दिलेली स्वयंचलित फळाची हमी. पाण्याचे मोल त्यांनी नाकारले नाही. ते कुठे आहे हे दाखवले. याच गोदावरीच्या काठी पैठणला राहणाऱ्या एकनाथांची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात: रामेश्वराला नेण्यासाठी कावडीत आणलेले पाणी त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. पाण्याचे पावित्र्य जिवाच्या तहानेशी बांधलेले आहे असे ही कथा मानते. हे मान्य केले तर झरा बुजवणे हे कुठल्याही कर्मठ पापापेक्षा मोठे ठरते, कारण बुजतो तो पुढच्या उन्हाळ्यांतल्या तहानलेल्यांचा वाटा.

तिसरा आक्षेप इतिहासाचा. गौतमांनी कुशाने पाणी अडवले, पेशव्यांनी आणि होळकरांनी घाट आणि कुंडे बांधली, दगड रचले, चुना वापरला. माणसाने नदीवर बांधकाम करायचेच नाही असे परंपरा कधी म्हणाली? बरोबर आहे, कधीच नाही. पण त्या बांधकामाचे तत्त्व पाहा. पायऱ्या काठावर आहेत, भिंती बाजूला आहेत आणि तळाशी नदीचा खडक आहे. गोदावरीच्या पुराचे मोजमाप नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून करतात. पाणी मूर्तीच्या पायाला, कमरेला, छातीला लागले यावरून पूर किती ते ठरते. म्हणजे मूर्ती बसवणाऱ्यांनी पूर येणार, चढणार, उतरणार हे धरूनच ती बसवली. ही तीच कबुली आहे जी थंड मुलुखातल्या रस्तेबांधणीला पुढे फार नुकसान सोसून द्यावी लागली. हरकत बांधण्याला नाही. खालून येणाऱ्या पाण्याला आणि वरून मुरणाऱ्या पाण्याला शून्य धरून बांधण्याला आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तिथे माणसांचे जीव आहेत. शेवाळलेल्या, उंचसखल खडकावर वृद्ध बायामाणसे घसरतील, खोल डोहात कोणी बुडेल, ही भीती खरी आहे. पण नाशिकच्या सिंहस्थातला सर्वांत दुःखद प्रसंग 2003 च्या ऑगस्टमधल्या चेंगराचेंगरीचा, ज्या सिंहस्थासाठी हे काँक्रीट घातले गेले त्यातलाच. आणि ती झाली रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर. गर्दीचे नियोजन, वाटांची रुंदी, येण्याजाण्याचे वेगळे मार्ग यांवर जीव वाचतात. पात्रातल्या पायाखालच्या भागासाठी दगडी फरशी मोकळ्या सांध्यांनी बसवता येते, ठरावीक अंतरावर छिद्रे ठेवता येतात, कठडे आणि साखळ्या लावता येतात. सलग, अखंड, सांधे बुजवलेला स्लॅब हा या गरजेवरचा एकमेव उपाय कधीच नव्हता. तो सर्वांत झटपट होणारा उपाय होता. पुरानंतर गाळ काढायला सपाट तळ सोपा पडतो, हेही खरे. पण साफसफाई करणाऱ्या यंत्राची सोय हे तीर्थाचा तळ कसा असावा याचे प्रमाण होऊ शकत नाही.

आणखी एक आक्षेप जाणकार लोक घेतात: खरा दोष वरच्या गंगापूर धरणाचा आणि शहराच्या सांडपाण्याचा आहे, काँक्रीट हा त्यामानाने बारीक मुद्दा. धरणाने शहरातला प्रवाह कापला हे उघड आहे, आणि नाल्यांतून येणाऱ्या घाणीमुळे 2012 मध्ये जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले गेले, हेही सर्वश्रुत आहे. पण धरण तोडता येणार नाही. लाखोंच्या पिण्याचे पाणी तिथून येते. वरचा प्रवाह कमी झाला म्हणूनच खालच्या झऱ्यांची किंमत वाढली. ज्या घराची एक मिळकत गेली त्याने दुसरी सांभाळायची असते. काँक्रीट काढले की सगळे झरे पहिल्यासारखे फुटतील असा दावा मी करणार नाही. शहरभर विंधनविहिरींनी भूजल उपसले आहे, भोवतालची जमीनही डांबर-सिमेंटने झाकली आहे. मुरणेच कमी झाले तर झरा कुठून येणार? म्हणजे तळ उघडणे हे पहिले पाऊल आहे, शेवटचे नाही. स्मार्ट सिटीच्या गोदा प्रकल्पात पात्रातल्या काही भागांतले काँक्रीट काढायचे काम हाती घेतले गेले, ही स्वागताचीच गोष्ट. ते काम अर्धवट राहू नये आणि नव्या घाटांच्या नावाखाली तेच काँक्रीट दुसरीकडे पुन्हा ओतले जाऊ नये.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञाचा असेल: मातीचे केशाकर्षण आणि बर्फाचे थर यांतून धर्म सिद्ध करायला निघालात, ही गल्लत नव्हे का? गल्लत झाली असती, जर जमिनीला मन आहे, तिला दुखते, ती रागावते असे मी म्हटले असते. तसे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणण्याची गरज नाही. टेबरच्या बेंझीनने एवढेच दाखवले की अचेतन माती ओढते, साठवते, उचलते, सोडते, आणि हे करताना वरच्या माणसाची परवानगी घेत नाही. सांख्यांनी हे प्रकृतीबद्दल म्हटले होते, वेदान्त्यांनी त्यामागे अंतर्यामी पाहिला. विज्ञान या दोघांत निवाडा करू शकत नाही. पण जमीन काहीच करत नाही, असे मानणारा तिसरा पक्ष मात्र त्याने पुराव्याने खोडून काढला आहे, आणि रामकुंडाचा तळ त्या तिसऱ्या पक्षाच्या समजुतीवर बांधला गेला. धर्माने भूमीला नमस्कार करायला शिकवले. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातल्या भूमिसूक्तात तर खणणाऱ्याने भूमीच्या मर्माला धक्का लावू नये अशी काळजी आहे. खणायलाच मनाई तिथेही नाही. मर्म कुठे आहे हे ओळखायला भूगर्भशास्त्र आणि स्थापत्यशास्त्र आज आपल्याला मदत करते. नदीच्या बाबतीत ते मर्म तळाशी आहे, जिथे जमीन आणि पाणी एकमेकांत जातात. तिथे श्रद्धावान पुरोहित आणि प्रामाणिक अभियंता यांची मागणी एकच निघते, आणि ती एकच निघते हा मला योगायोग वाटत नाही.

येत्या सिंहस्थासाठी नाशिकात घाटांची आणि रस्त्यांची मोठी कामे चालू आहेत. महापालिकेने, कुंभमेळ्याच्या प्रशासनाने आणि पुरोहित मंडळींनी मिळून निदान एवढे ठरवावे: पात्राच्या तळाशी सलग काँक्रीट नवीन घालायचे नाही, जे आहे ते भूवैज्ञानिकांच्या देखरेखीखाली, जुन्या दगडी पायऱ्यांना हात न लावता, टप्प्याटप्प्याने काढायचे, जिथे पायाखाली फरशी लागतेच तिथे ती मोकळ्या सांध्यांची ठेवायची, आणि काठावरच्या प्रत्येक नव्या घाटाच्या आराखड्यात खालच्या पाण्याची वाट आधी दाखवायची, मग पायऱ्या. भूमिपूजनाच्या दिवशी हा आराखडा लोकांपुढे मांडावा, आणि नाशिककरांनी तो मागितल्याशिवाय नारळ फोडू देऊ नये.